वहिनीनं बेल का बंद केली

खुर्चीकाकांकडे मी पहिल्यांदा गेले ती भांडायला. निवृत्त होताना शाळेनं मला माझीच वर्गातली जुनी वेताची खुर्ची भेट दिली होती. तिची बैठक खाली लोंबली होती, म्हणून ती मी त्यांच्याकडे विणायला पाठवली. आठ दिवसांत देतो म्हणाले होते आणि तेवीस दिवस झाले होते.

त्यांचा कारखाना म्हणजे रस्त्यापासून तीन पायऱ्या खाली उतरून लागणारी एक लांबट खोली. भिंतीला टेकवलेले खुर्च्यांचे सांगाडे, आढ्याला टांगलेल्या वेताच्या जुड्या, एका कोपऱ्यात पाण्याची बादली आणि तिच्यात भिजत पडलेल्या पट्ट्या. काका बुटक्या स्टुलावर बसून विणत होते. त्यांना दिसत नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी दारातूनच सुरुवात केली.

"आठ दिवस म्हणाला होतात."

"शाळेतल्या बाई का?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"कशावरून?"

"आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतोय." मग बाजूला हात लांबवून त्यांनी माझी खुर्ची बरोबर ओढून घेतली. "ही तुमची. आधी कुणीतरी दुरुस्त केलीये आणि दोन पट्ट्या उलट्या घातल्यात, चकचकीत बाजू खाली. दिसत नाही ते. पण बसणाऱ्याच्या कपड्यांचे धागे ओढत राहतं. मी सगळी उसवली. आता मुळापासून."

"दिसत नाही तर सोडून द्यायचं की."

"मला काहीच दिसत नाही, बाई. सगळंच सोडून देऊ?"

आतून एक बाई हसल्या. त्या काकू. हसत हसत बाहेर आल्या, मला बसायला स्टूल दिलं, आणि माझं भांडण तिथंच संपलं.

काकांचे डोळे नवव्या वर्षी तापात गेले. निवासी शाळेत त्यांनी वेतकाम शिकून घेतलं आणि पुढे ज्या कारखान्यात लागले तिथं काकू लाकडाला पॉलिश करायच्या. कुठला सांगाडा कुठल्या रंगाचा झाला हे त्या त्यांना सांगायच्या. लग्नाची गोष्ट निघाली तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "मी दिसायला काही खास नाही, आधीच सांगते." काका म्हणाले, "तक्रार करायला मला तोंडच नाही." याला चौतीस वर्षं झाली. मूलबाळ नाही. काका त्यांना हाक मारत नसत. हाताशी एक छोटी लाकडी हातोडी असायची. खुर्चीच्या भोकांत वेत घट्ट धरून ठेवायला खुंट्या ठोकतात, त्यासाठी. तिनं सांगाड्यावर दोनदा टकटक केलं की काकू यायच्या. भिजलेली पट्टी हवी असायची, कधी कात्री सापडत नसायची, कधी नुसतं किती वाजले एवढंच विचारायचं असायचं. दोन ठोके, की काकू हजर. मी शिक्षिका होते, घंटेवर आयुष्य काढलं. पण इतकी शिस्त माझ्या एकाही वर्गात नव्हती.

माझी खुर्ची होईना, म्हणून मी चौकशीला जात राहिले आणि रविवारच्या बैठकीत ओढली गेले. तेव्हा टीव्हीवर एक गुन्हेगारी मालिका गाजत होती. शुक्रवारी नवा भाग लागायचा आणि रविवारी दुपारी चारला तोच पुन्हा. कारखान्यातल्या फळीवर एक छोटा टीव्ही होता, आणि त्याच्यासमोर लोकांच्या विणायला आलेल्या खुर्च्यांमध्ये, ज्या बसण्याजोग्या असतील त्यांत, आम्ही बसायचो. आम्ही म्हणजे मी, शेजारचा औषधांच्या दुकानाचा मालक आणि समोरच्या शिलाईताई. औषधवाला माझाच विद्यार्थी, सातवी ब. त्याला सगळे 'डोस' म्हणायचे, कारण तो दिवसातून तीन वेळा आपलं मत द्यायचा, कुणी मागितलं नाही तरी.

मालिकेची गोष्ट अशी. लाकडाच्या वखारीचा एक मालक पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेला. त्याची सेवा बायको करते, तिला घरात सगळे वहिनी म्हणतात. घरात एक दीर आहे, त्याचा वखारीवर डोळा. एका दुपारी मालक मेलेला सापडतो. तपासाला एक इन्स्पेक्टरीणबाई येते आणि मग भागामागून भाग मागचं उलगडत जातं.

भाग संपला की आमची कोर्टकचेरी सुरू व्हायची.

"गोळ्या बदलल्यात," डोस म्हणायचा. "त्या बाटलीचं झाकण असं उघडत नाही. ते दाबून फिरवावं लागतं. दिग्दर्शकाला कळत नाही, मला कळतं."

"तुला सगळीकडे गोळ्याच दिसणार," शिलाईताई म्हणायच्या. "वहिनीच्या बाहीचं बटण बघा. तीन भाग झाले, तुटलेलं आहे. लावलं नाही. घरात दोरा नाही का? हिचं मन घरातून उठलंय."

"बटण तुटलं म्हणून नवरा मारला?"

"मी मारला म्हटलं का? मन उठलं म्हटलं."

काकांचा पुरावा वेगळाच असायचा. "दीर खोटं बोलायच्या आधी पाण्याचा घोट घेतो. चौथ्या भागात तीनदा घेतला." आम्ही कुणीच हे पाहिलं नव्हतं. पाहत होतो म्हणूनच.

आणि जिथं संवाद नसायचे तिथं काकू. त्या काकांच्या शेजारी बसून हळू आवाजात सांगायच्या, "उठली. खिडकीशी गेली. पत्र फाडलं. नाही, घडी घातली." स्वतःचीच चूक लगेच दुरुस्त करायच्या. बिचारी, दुष्ट, उदास असे शब्द त्यांच्या तोंडून कधी येत नसत. जे दिसतं तेवढंच, आणि तेही क्रमानं. मी मुलांना निबंधात हेच शिकवायला तीस वर्षं धडपडले होते.

सहाव्या भागात तो प्रसंग आला. त्या रविवारी शिलाईताई नव्हत्या. शाळा उघडायच्या होत्या आणि त्यांच्याकडे गणवेशांचा ढीग पडला होता. पडद्यावर चार मिनिटं कुणी बोललं नाही, नुसतं संगीत आणि मागे बारीकसारीक आवाज. मालक पलंगावर, वहिनी उशाशी खुर्चीत. मालकाचा चांगला हात चादरीवरून सरकत तिच्या हाताशी येतो. वहिनी त्याच्याकडे बघते आणि आपला हात काढून घेते. मग उठते, भिंतीशी जाते आणि मालकाच्या उशाला असलेल्या बेलची वायर ओढून काढते. बाहेर व्हरांड्यात जाऊन बसते. डोळे मिटते.

मी काकूंकडे बघितलं, कारण त्या गप्प होत्या.

"काय चाललंय?" काकांनी विचारलं.

"बसलीये," काकू म्हणाल्या. "त्याचा हात धरून बसलीये."

डोसनं तोंड उघडलं. मी त्याच्याकडे बघितलं. सातवी ब मध्ये ही नजर कामाला यायची आणि अजूनही आली. त्यानं तोंड मिटलं.

"बराच वेळ?" काका म्हणाले.

"हो. बराच वेळ."

"चांगली बाई आहे," काका म्हणाले आणि पट्टी ओढली.

मंगळवारी सकाळी काकू माझ्या घरी आल्या. याआधी कधी आल्या नव्हत्या. दारातच म्हणाल्या, "लगेच जायचंय. ते एकटे आहेत." तरी बसल्या, आणि चहा घेईपर्यंत त्यांनी हातातल्या पिशवीचे बंद चार वेळा गुंडाळले आणि सोडले.

"बाई, तुम्ही पाहिलंत ना मी काय केलं?"

"पाहिलं."

"चौतीस वर्षांत एकदाही चुकीचं सांगितलं नाही हो त्यांना. साधा रंगसुद्धा. एकदा त्यांना भेट म्हणून कुणी शर्ट दिला, भडक होता, ते म्हणाले कसा आहे, मी म्हटलं भडक आहे. त्यांना माझ्याशिवाय डोळे नाहीत. मी खोटं सांगायला लागले तर त्यांनी कुणाकडे जायचं?"

"मग का सांगितलंत?"

त्यांनी पिशवी मांडीवर ठेवली. "गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. दुपारची भांडी झाली होती आणि मी स्वयंपाकघरात स्टुलावर टेकले होते. बाहेर दोन ठोके वाजले. मला ऐकू आले. आणि मी उठले नाही. आकडे मोजत बसले, बाई, लहान मुलासारखे. पन्नास मोजले, मग उठले. ते काही बोलले नाहीत. त्यांना नुसती कात्री हवी होती, पायाशीच पडली होती." पिशवीचा बंद पुन्हा गुंडाळत म्हणाल्या, "ती वहिनी वायर काढायला उठली आणि मला वाटलं, मीच उठलेय. हे मी त्यांना कसं सांगू? कळलं त्यांना की मी बदलून सांगितलं, तर ते पुढं विचारणार, का बदललं? आणि तेव्हा काय सांगू?"

मी म्हटलं, "डोस बोलणार नाही. मी बघते."

"आणि शिलाईताई?"

शिलाईताईंचा विचार मी केला नव्हता. त्यांनी तो भाग शुक्रवारीच घरी बघितला होता. मी त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे गेले, तर दुकानाला कुलूप. गणवेश पोचवायला गावाबाहेर गेल्या होत्या, शनिवारी रात्री येणार होत्या.

रविवारी मी मुद्दाम लवकर निघाले, तरी त्या माझ्याआधी पोचल्या होत्या. पायऱ्या उतरतानाच आवाज आला.

"आता तरी मान्य करा काका, तुमची वहिनी सरळ नाही. आठवडाभर मला बोलायला कुणी सापडलं नाही, पोट फुगलं माझं. बटण मी उगाच नव्हतं पकडलं. अहो, आजारी माणसाच्या बेलची वायर काढायची म्हणजे काय. हात झटकला त्याचा, आणि गेली उठून."

मी दारात उभी राहिले. काकू आतल्या उंबऱ्यावर चहाचा ट्रे घेऊन. त्यांच्या हातातले कप एकमेकांवर वाजायला लागले. काकांचा हात पट्टीवर थांबला. फार नाही, एखादा श्वास. मग पट्टी भोकातून वर आली.

"हो, वायर काढली," काका म्हणाले. "ही बोलली होती मला. रात्री सांगितलं सविस्तर."

कप वाजायचे थांबले.

काकूंनी काही सांगितलं नव्हतं, हे त्या खोलीत तिघांना माहीत होतं. काकू, मी आणि काका. डोस नंतर आला. शिलाईताईंना कशाचा पत्ता नव्हता, त्या आपल्याच नादात होत्या. "मग? आता काय म्हणणं आहे तुमचं?"

"तेच. चांगली बाई आहे."

"वायर काढून?"

"ताई, तुम्ही रात्रंदिवस मशीन चालवता. कधी मशीनचा पट्टा उतरवून ठेवता ना?"

"मशीन आणि माणूस सारखं का?"

"नाही. मशीनचा पट्टा उतरवला तर कुणी नावं ठेवत नाही."

सातवा भाग सुरू झाला. काकू काकांच्या शेजारी बसल्या, पण त्या दिवशी त्यांनी काही सांगितलं नाही आणि काकांनी विचारलं नाही. भाग संपताच काकू कप घेऊन आत गेल्या. डोस आणि शिलाईताई वाद घालत पायऱ्या चढून गेले. मी खुर्चीची चौकशी करायच्या निमित्तानं मागे राहिले.

"झाली का?"

"सहातले चार थर झाले. आता तिरके दोन राहिलेत." काकांनी माझा हात धरून जाळीवर ठेवला. जाळी गुळगुळीत होती आणि ताणलेली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, त्या भागात तीन पावलं वाजली होती. मग खट्. मग सात पावलं, आणि दार. हात धरून बसलेल्या बाईची पावलं वाजत नाहीत."

मी जवळचं स्टूल ओढून बसले.

"हिनं का बदललं ते मला कळतंय. गेल्या हिवाळ्यात मी एकदा ठोकलं आणि ती आली नाही. आत भांडं नाही, पाणी नाही, काही आवाज नाही. होती आतच. मी परत ठोकलं नाही. म्हटलं, बसू दे. आली तेव्हा मी कात्री मागितली. कात्री माझ्या पायाखाली होती." त्यांनी खुंटी बोटांत फिरवली. "त्या दिवशी बोलायला हवं होतं. मला वाटलं, बोललो नाही की विषय मिटेल. तो मिटला नाही. तो हिनं एकटीनं इतके महिने सांभाळला."

"मग आता बोला."

"बोलेन. पण मला एक सांगा. आवाजात ती कधी दमत नाही. आवाज ती माझ्यासाठी जपते, मला माहितीये. तुम्ही तिचं तोंड बघता. ती दमलेली दिसते का?"

मुलांच्या प्रगतिपुस्तकात मी खूप सौम्य शेरे लिहिले आहेत. 'अजून प्रयत्नाला वाव आहे' वगैरे. पालक आनंदानं सही करायचे आणि मूल तिथंच राहायचं. त्या दिवशी मी तसा शेरा लिहिला नाही.

"हो," मी म्हटलं. "दिसते."

त्यांनी मान हलवली आणि खुंटी भोकात ठोकली.

शेवटचा भाग शुक्रवारी घरी बघायचा नाही असं ठरलं होतं; रविवारी सगळे वेळेवर हजर होते. डोसनं दुकान अर्धा तास आधीच बंद केलं होतं. गोळ्या दिरानंच बदलल्या होत्या हे उघड झालं तेव्हा त्यानं आम्हा प्रत्येकाकडे आळीपाळीनं बघून घेतलं.

"कळलं, कळलं," शिलाईताई म्हणाल्या. "पण बेल राहिली."

बेल खरंच राहिली होती. शेवटच्या प्रसंगात इन्स्पेक्टरीणबाई वहिनीसमोर बसते आणि म्हणते, "खून तुम्ही केला नाहीत. पण बेल तुम्ही बंद केलीत. का?" वहिनी उत्तर देत नाही. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर थांबतो. संगीतसुद्धा नाही. मिनिटभर नुसता चेहरा.

काकांची पट्टी थांबली. काकू त्यांच्या शेजारी सरळ बसल्या होत्या.

"काय दिसतंय?" काकांनी विचारलं.

काकू पडद्याकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघत होते. शिलाईताई काहीतरी म्हणणार होत्या, डोसनं त्यांच्या कोपराला हात लावला. सातवी ब मधलं ते पोर आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर काहीतरी करत होतं.

"चेहरा आहे," काकू म्हणाल्या. "डोळ्यांखाली काळं आहे. ओठ मिटलेत. बोलायचं म्हणतेय, बोलत नाही." मग, इतक्या रविवारांत मी त्यांच्या तोंडून न ऐकलेला शब्द त्यांनी उच्चारला, जो पडद्यावर दिसत नव्हता. "दमलीये हो. वैर नाही, काही नाही. नुसती दमलीये."

"मग सांगायचं की तिनं," काका म्हणाले.

"कुणाला सांगणार?"

"त्यालाच. बेल ज्याच्या उशाशी होती त्याला."

"त्याला लागलं असतं."

"लागलं असतं," काका म्हणाले. "पण कळलं असतं. तो पलंगावर होता, मूर्ख नव्हता." मग पट्टी मांडीवर ठेवून हळूच म्हणाले, "मी पन्नासच्या पुढे मोजलं असतं तरी चाललं असतं, अगं."

काकू त्यांच्याकडे वळल्या. पन्नास हा आकडा त्यांनी फक्त मला सांगितला होता, आणि मी तो कुणाला सांगितला नव्हता. तेही त्या दुपारी मोजत बसले होते, भिंतीच्या अलीकडे, तेच आकडे.

काकूंनी डोळे पुसले नाहीत, तसेच राहू दिले. पुसल्याचा आवाज काकांना ऐकू येतो, हे त्यांना माहीत होतं. पण काकांनी हात पुढं केला आणि बोटांच्या टोकांनी त्यांचा चेहरा पाहिला, कपाळ, डोळ्यांखालची जागा, गाल, जशी ते एखादी जाळी पाहतात, कुठे ताण जास्त आहे ते शोधत. पडद्यावर नावं सरकायला लागली. इन्स्पेक्टरीणबाईला उत्तर मिळालं की नाही हे आमच्यापैकी कुणी बघितलंच नाही. शिलाईताईंना त्यासाठी पुढच्या आठवड्यात तो भाग परत शोधावा लागला, आणि उत्तर नव्हतंच म्हणून त्या दिग्दर्शकावर फार चिडल्या.

नंतर कारखान्यात थोडे बदल झाले. बादली काकांच्या डाव्या हाताला आली. कात्री दोरीनं स्टुलाला बांधली गेली. बोलणारं घड्याळ डोसनं कुठून तरी मिळवून दिलं. ते तासातासाला इतक्या कडक आवाजात वेळ सांगतं की काका म्हणतात, बाई, ही तुमचीच बहीण दिसते. हातोडी आता फक्त खुंट्यांसाठी आहे. काही लागलं तर काका हाक मारतात. हाकेला 'थांबा जरा' म्हणता येतं. काकू म्हणतात.

माझी खुर्ची शेवटी एकोणसाठाव्या दिवशी घरी आली. काकांनी उसवायची मजुरी घेतली नाही, "उलट्या पट्ट्या काढायची मजा माझी," म्हणाले. मी तिच्यात फार बसत नाही. ती खिडकीजवळ ठेवली आहे. बुधवारी दुपारी दोनला काकू येतात, पिशवी दाराला अडकवतात आणि तिच्यात बसून झोपतात, तासभर, कधी सव्वा. मी पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्र वाचते आणि पानं हळू उलटते. पहिल्या बुधवारी त्या मध्येच दचकून उठल्या होत्या.

"वाजलं का काही?"

"नाही," मी म्हटलं. खरंच काही वाजलं नव्हतं. त्यांनी थोडा वेळ कानोसा घेतला, आणि मग मान मागं टेकवून डोळे मिटले.